'पंचेचाळिशीत अचानक' म्हणे!

आमच्या तालमीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज तीनदा आला. एकदा तालमीच्या माजी अध्यक्षांकडून, एकदा माझ्या मावसभावाकडून आणि एकदा अशा गृहस्थाकडून, जे एरवी फक्त 'शुभ सकाळ' पाठवतात. मथळा होता, 'चाळिशीनंतर बाई व्हायचं नवीन फॅड, आपल्या घरात शिरायच्या आत वाचा.' मजकूर लांबलचक, सार एवढंच: लग्न होऊन पोरंबाळं झालेल्या बाप्यांना पंचेचाळिशीत अचानक 'मी बाई आहे' असं वाटायला लागतं, ते मोबाईलमुळे. ही सगळी परदेशी थेरं. डॉक्टर पैशासाठी लगेच गोळ्या सुरू करतात, सहा महिन्यांत माणूस आवाजासकट बाई होतो, मग ऑपरेशन, मग जन्मभर पस्तावा. परदेशात तर आता बंदीच आलीय. आणि बायकोपोरांचं वाटोळं होतं ते वेगळंच.

खाली एकवीस अंगठे.

मी सत्तेचाळीस वर्षांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मुलगी बारावीला. मेसेज ज्याच्याबद्दल आहे तो माणूस मीच, म्हणजे निदान त्या रांगेत तरी उभा आहे. काय करायचं ते ठरलेलं नाही. ग्रुपवर उत्तर द्यायची छाती नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी 'अचानक' या शब्दाचं बघू.

१९८७ ची थंडी. कर्नाटकातल्या सौंदत्तीला यल्लमाची यात्रा करून जग, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या देवीच्या मूर्तीच्या टोपल्या, कोल्हापुरात परतले की ओढ्यावरच्या यल्लमाला आंबील यात्रा भरते. आजीनं आंबील, घुगऱ्या, वांग्याची भाजी, भाकरी, कांद्याची पात असा नैवेद्य डब्यात भरून घेतलेला. मी नऊ वर्षांचा. गर्दीत एक जोगता होता, म्हणजे यल्लमाला वाहिलेला पुरुष. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, डोक्यावर जग. चौंडक्याच्या तालावर पाय असे पडत होते, पण डोक्यावरचा जग जागचा हलत नव्हता. मी बघतच राहिलो. आजीनं हात हिसकला, "असं टक लावून बघू नगंस. यल्लमाआई बोलवून घेती."

त्या दिवशी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. असं असू शकतं, ही एक. आणि असं असलं की घर सुटतं, ही दुसरी. (जोगता म्हणजे आजच्या भाषेत ट्रान्स, म्हणजे देह एक आणि आतली ओळख दुसरी, असं सरसकट म्हणता येत नाही. कुणाला नवसानं सोडलेलं असतं, कुणाला केसांत जट आली म्हणून. पण नऊ वर्षांच्या पोराला हा फरक कुठला कळायला?) माझ्यापुढं दोनच वाटा दिसत होत्या, तांबड्या मातीची तालीम नाहीतर डोक्यावरचा जग. मी तालीम धरली. दंड चांगले झाले.

वरून आमच्या बोलीनंही मला आडोसा दिला. कोल्हापुरात बाईसुद्धा 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणते. आजी म्हणायची, आई म्हणायची, शेजारच्या पोरी म्हणायच्या. बाकीच्या मराठीत तोंड उघडलं की क्रियापद आधी विचारतं, तू बाई की बाप्या? आमच्याकडं ते विचारतच नाही. मग लग्न झालं. बायको पुण्याची. पहिल्या सणाला माहेरी निघताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "येते हं मी." त्या एका 'ते'नं माझ्या पोटात जे झालं, ते मी सरळ प्रेमाच्या खात्यात जमा करून टाकलं. थोडं होतंही ते प्रेमच. या लिखाणातही मी 'करतो, बघतो' असंच लिहिणार आहे, त्यावरून कोल्हापूरकरानं काही ठरवू नये.

मग पंचेचाळिशीच का? वडील गेले. बारावं झालं, पाहुणे पांगले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी शॉपमध्ये एकटाच बसलेलो असताना ध्यानात आलं, की ज्यांच्यासमोर बाप्या असायचं होतं ते आता नाहीत. माझ्यापुरतं 'अचानक' ते एवढंच.

मोबाईलचा हिशोब तर मुळीच जुळत नाही. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी लंडनला पोचवणारा पत्रकार होता जेम्स मॉरिस. लग्न झालेलं, मुलंही झाली. १९६४ च्या सुमारास हार्मोन सुरू केले आणि १९७२ साली मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात शस्त्रक्रिया करून घेतली, वय पंचेचाळीस. तिथून पुढं २०२० साली वारेपर्यंत त्या जॅन मॉरिस होत्या. हातात धरायच्या मोबाईलवरून जगातला पहिला फोन लागला तो एप्रिल १९७३ मध्ये.

'परदेशी थेरं' यावर फार शाई घालवत नाही. मेसेज पाठवणाऱ्या अध्यक्षांच्या घरचा नैवेद्य दर वर्षी त्याच यल्लमाला जातो, आणि ते जोगत्याच्या हातूनच भंडारा लावून घेतात.

आता गोळ्या. इथं मेसेज नुसता चुकीचा नाही, जीवावर बेतणारा आहे, कारण 'गोळ्या खाल्ल्या की झालं' हे मीही खरं मानलं होतं. दोन वर्षांपूर्वी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून गाडी काढून लांबच्या मेडिकलमध्ये गेलो, 'मिसेससाठी' म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांच्या पट्ट्या घेतल्या आणि अडीच महिने खाल्ल्या. दिवसाला सात-आठ सिगारेटी चालूच. एका सकाळी डावी पोटरी सुजून टणक झाली. सोनोग्राफीत गुठळी निघाली नाही, एवढं नशीब. पुढं पुण्यात हार्मोनच्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. या गोळ्यांतलं इथिनिल एस्ट्राडिऑल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन रक्तात गुठळ्या करायला कुख्यात आहे, लिंगबदलाच्या उपचारात ते आता वापरत नाहीत, आणि चाळिशीपुढचा सिगारेट ओढणारा माणूस म्हणजे आगीजवळ पेट्रोल.

मग हार्मोन रीतसर घेतले तर काय होतं, याचे त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागं तीन रकाने आखले.

पहिला, परत फिरणारं: कातडी मऊ होते, चरबी मांड्या-नितंबांकडं सरकते, दंडाची ताकद उतरते. औषध थांबवलं की बरंचसं पूर्वीसारखं. (आठ इंची चक मी आज एकटा उचलून लेथला चढवतो. तेवढं गणित लगेच मनात मांडून झालं.) दुसरा, न फिरणारं: छातीची वाढ. तीन ते सहा महिन्यांत सुरू होते, पुरी व्हायला दोन-तीन वर्षं, आणि झाली की औषध सोडून जात नाही. मूल होण्याची क्षमता घटते आणि ती परत येईलच असं नाही. तिसरा, होतच नाही: आवाज, उंची, हाडं. गेलेले केस सहसा येत नाहीत. दाढी थोडी विरळ पडते पण जात नाही, तिला लेझर नाहीतर इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेनं एकेका केसाचं मूळ जाळणं. आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडं महिनोन्महिने रियाज.

सगळ्यात जास्त वेळ मी तिसऱ्याच रकान्याकडं बघत होतो.

माझ्या वयाला गोळीपेक्षा जेल किंवा पॅच बरा, कातडीतून गेलं की गुठळीचा धोका कमी. आधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर. सुरू केलं तर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आणि सिगारेट पूर्ण बंद झाल्याशिवाय औषधाची चिठ्ठी मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. सिगारेट सोडून सात महिने झाले. हार्मोनचा थेंबही अजून घेतलेला नाही.

जाता जाता एक. मेसेजला फक्त बाप्याची बाई होण्याची धास्ती आहे. बाईच्या देहात जन्मून पुरुष म्हणून जगणारेही असतात, त्यांनाही चाळिशीत हा प्रश्न पडतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. त्यांच्या उपचारात उलटं होतं: टेस्टोस्टेरॉननं आवाज काही महिन्यांतच फुटतो, आणि औषध बंद केलं तरी तो परत बारीक होत नाही.

'डॉक्टर पैशासाठी लगेच सुरू करतात' म्हणे. माझा पहिला मानसोपचारवाला तर उलट टोकाचा निघाला. "सहा बैठकांत हे डोक्यातनं काढून टाकतो," म्हणाला आणि सहाचे पैसे आगाऊ मागितले. असं 'काढून टाकणं' हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या यादीत ही गोष्ट मनोविकारांतून बाहेर काढली. दुसऱ्या डॉक्टरांनी चार भेटींत गोळी कुठलीच दिली नाही, नुसतं विचारलं. दारू किती? झोप कशी? संसारात काय बिनसलंय? वडील गेल्याचं दुःख हे रूप घेऊन तर आलं नाही ना? मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, हे विचारायलाच हवं, कारण मधल्या वयात माणसाला आपला जन्म फुकट गेला असं शंभर कारणांनी वाटू शकतं. जाणीव ठळक आहे का, टिकून आहे का, दुसरं काही कारण आहे का, माणसाला परिणाम नीट कळलेत का, हे बघूनच पुढं जावं, असं या उपचारांच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

आणि 'मग ऑपरेशन' हे ओघानं येतंच असं नाही. कुणी हार्मोनवर थांबतं, कुणी नाव आणि कपड्यांवर, कुणी सगळं समजून घेऊन काहीच करत नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या १५ एप्रिल २०१४ च्या 'नाल्सा' निकालात सर्वोच्च न्यायालयानंही ओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं होतं.

बंदीचं म्हणाल तर ब्रिटननं डिसेंबर २०२४ मध्ये जी बेमुदत बंदी घातली ती अठराच्या आतल्या मुलांना या कारणासाठी वयात येणं लांबवणारी औषधं देण्यावर. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. माझं वयात येणं १९९२ लाच उरकलं.

पस्ताव्याबद्दल मात्र जपून बोलतो. २०२१ साली सत्तावीस अभ्यास एकत्र करून जवळजवळ आठ हजार शस्त्रक्रिया झालेल्या माणसांचा हिशोब मांडला गेला, त्यात पस्तावलेले सुमारे एक टक्का निघाले. हा आकडा काही लोक झेंड्यासारखा नाचवतात. मी नाचवत नाही. अशा अभ्यासांत बरीच माणसं पुढं संपर्कातच राहत नाहीत, आणि अभ्यासाअभ्यासांत तफावतही मोठी आहे. पण 'सगळे पस्तावतात' याच्या जवळपाससुद्धा तो आकडा जात नाही. पस्तावलेली माणसं आहेत, आणि मी निर्णय घ्यायच्या आत त्यांच्यापैकी कुणाशी तरी बोलणार आहे.

राहिलं बायकोपोरांचं. हे मी खोडून काढणार नाही. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला कट्ट्यावर बसून मी तिला सांगितलं. हातातली भेळ मऊ पडून गेली. बराच वेळ गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोरीची बारावी होईपर्यंत थांबाल?" नंतर पंधरा दिवस ती मुलीच्या खोलीत झोपली. सगळ्यात जास्त संताप तिला त्या चोरून खाल्लेल्या गोळ्यांचा आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पुढं काय, एकत्र राहायचं की नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्यानं तिचं वाटोळं परस्पर ठरवून टाकलं, तिला विचारलं कुणी?

पुण्याला ती माझ्याबरोबर आली होती. तीन रकान्यांचा तो कागद तिनं घडी घालून विम्याच्या फायलीत ठेवलाय. परवा तोच मेसेज तिच्या बचत गटाच्या ग्रुपवरही आला. तिनं चष्मा लावून मला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि 'आवाजासकट' या शब्दापाशी थांबली.

"आवाज तिसऱ्या रकान्यात होता ना?"

होता, म्हटलं. तिनं उठून फाईल काढली आणि खात्री करून घेतली.