मूठभर कोळशासाठी बादलीभर राख

पिठाच्या चाळणीत खाली पडतं ते ठेवायचं आणि वर राहतं ते टाकायचं. राखेच्या चाळणीत बरोबर उलटं. डोक्याला हे लगेच कळतं, हाताला कळायला दोन हिवाळे जातात. तोवर हात जन्माच्या सवयीने वरचे कोळसे कचऱ्यात ओततो आणि खालची राख, जणू आता तिच्या भाकऱ्या थापायच्या आहेत अशी, जपून बाजूला ठेवतो.

हे सगळं अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं. इथे जमिनीखाली अँथ्रासाइट म्हणजे कडक दगडी कोळसा आहे, आणि काही घरांच्या तळघरात अजून हाताने कोळसा घालायच्या शेगड्या आहेत. त्यातल्याही काही थोड्या घरांत शेगडीशेजारी एक जस्ती पत्र्याचं धूड असतं: राख चाळून तिच्यातला अर्धवट जळालेला कोळसा वेगळा काढायचं यंत्र. आमच्याकडे आहे. पाहुणे त्याला पॉपकॉर्नचं यंत्र समजतात. पुरणयंत्राचा दांडा पिंपाला बसवला तर जे दिसेल ते हे.

यंत्र असं: खाली राखेचं लोखंडी पिंप. त्यावर झाकणासारखा बसणारा पत्र्याचा डबा. डब्याच्या आत आडवं, एका बाजूला किंचित उतरतं, जाळीचं नळकांडं. त्याच्या आसाला बाहेर दांडा. उंच बाजूला पाभरीला असतं तसं चाडं, त्यावर झडप. उतरत्या बाजूला कोळसे बाहेर घरंगळायला तोंड आणि तोंडाखाली तुम्ही ठेवायला विसरलेली बादली. जाळीची भोकं पाव ते अर्ध्या इंचाची. चाड्यातून राख ओतायची, दांडा फिरवायचा. बारीक राख पिंपात, अर्धवट जळालेले कोळसे बादलीत. बस. यात बिघडण्यासारखं काही नाही असं वाटतं, आणि बिघडणाऱ्या वस्तूंची पहिली खूण तीच.

मुळात राखेत कोळसा येतोच कसा? शेगडीची जाळी सकाळी हलवावी लागते, नाहीतर राख साचून खालून हवा मिळत नाही. हलवताना खालच्या कप्प्यात डोकावायचं. लाल उजेड दिसायला लागला की थांबायचं. इतकी सोपी खूण असूनही माणूस आणखी दोन हिसके देतो. का देतो हे मानसशास्त्राने सांगावं. त्या दोन हिसक्यांत पेटते निखारे खाली येतात, राखेत विझतात, आणि मग त्यांना शोधायला हे यंत्र लागतं. म्हणजे खरं तर ते राख चाळायचं नसून दोन हिसक्यांचं प्रायश्चित्त घ्यायचं यंत्र आहे. ज्याचा हात जाळीवर सुधारला त्याच्याकडे चाळण्यासारखं फारसं उरत नाही.

कोळशाच्या आकाराचाही दोष असतो. इथे कोळसा चाळून आकाराप्रमाणे विकतात. ‘चेस्टनट’ म्हणजे साधारण पाऊण ते दीड इंच आणि वर थोडा; ‘पी’ म्हणजे वाटाणा, अर्धा ते पाऊण इंच. चेस्टनटच्या शेगडीत स्वस्त मिळाला म्हणून वाटाणा भरला, तर तो जळायच्या आधीच जाळीतून खाली उतरतो. तो कोळसा चाळून परत वर घालायचा, तो परत खाली उतरतो. याला काटकसर म्हणणारे लोक मला माहीत आहेत.

आता कृती. दोन दिवसांपूर्वीची राख चाळायची, आजची नाही. राखेखालचा निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो. वरून बादली गार, आत विस्तव. म्हणून झाकणाच्या लोखंडी बादल्या दोन लागतात. भरलेली घराबाहेर, भिंतीपासून आणि लाकडी ओट्यापासून लांब, निदान दोन दिवस थंड व्हायला. तोवर दुसरी वापरात. तळघरात झाकून ठेवली तर निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वास नसतो. विनोदी लेख असला तरी एवढं वाक्य गंभीरपणे वाचावं.

ओतताना नळकांड्याचा तिसरा हिस्सा भरेल इतकीच राख. पूर्ण भरलं की आतला माल उलटापालटा होत नाही, नुसता कूस बदलतो. झडप लावायची, आणि मग दांडा. इथे सगळे चुकतात, कारण दांडा दिसला की माणसाला जोर येतो. जोरात फिरवलं की राख आणि कोळसे जाळीच्या भिंतीला चिकटून गोल गोल फिरतात, खाली काहीच पडत नाही. पाण्याची बादली हातात धरून गरगर फिरवली की पाणी सांडत नाही तसंच. तीस सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याला ही वेळ मिनिटाला साधारण ७७ फेऱ्यांना येते. आपण २५ ते ३० वर राहायचं. दोन सेकंदांना एक फेरी, म्हणजे जात्याचा वेग. फक्त जात्यावर बसलं की ओवी सुचते, इथे शिंक सुचते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मासिकांत या यंत्रांच्या छोट्या चौकटीतल्या जाहिराती येत. सूर असा की रोज मिनिटभर दांडा फिरवा, ना धूळ ना मेहनत, लहान मूलसुद्धा करील. मिनिटाचं खोटं नाही, मिनिटच लागतं. पण झडप लगेच उघडायची नसते हे त्या चौकटीत मावलं नसावं. फिरवणं थांबल्यावर आत ढग असतो. तीन-चार मिनिटं तिथून निघून जायचं. उत्सुकतेने झडप उचलून आत किती कोळसा निघाला ते पाहणारा माणूस लांबून ओळखू येतो: भुवया पांढऱ्या. ‘कोळसा उगाळावा तितका काळा’ ही म्हण लाकडी कोळशाची असणार. अँथ्रासाइटची राख करडी, भुरकट, लोहाचा अंश असला तर चक्क गुलाबीसर असते आणि कुणालाच शोभत नाही.

धूळ बसावी म्हणून राखेवर पाणी शिंपडायचा सल्ला मिळेल. पाच किलो राखेला अर्धी वाटी, तेही हाताने शिंतोडे मारून. तांब्याने ओतलं की राखेचा लगदा होतो, जाळीची भोकं बुजतात, आणि वाळल्यावर ती खरवडायला जो वेळ जातो त्यात नवीन कोळसा खणून आणता येईल. शिवाय कोळशातला गंधक राखेत थोडा उरतोच. ओल मिळाली की तो पत्र्याचं जस्त खातो. यंत्र बहुतेक असंच मरतं, जाळीच्या खालच्या कडेपासून.

आणि आसाला तेल घालू नका. करकरतं म्हणून प्रत्येकाला तेल घालावंसं वाटतं. तेलावर राख बसते, राखेत बारीक वाळूसारखे कण असतात, झाली घासायची पेस्ट. आठवडाभर गुळगुळीत फिरतं, मग आस खाल्ला जाऊन नळकांडं तिरकं बसतं आणि डब्याच्या पत्र्याला ‘खर्रर्र, टण्’ करत घासायला लागतं. कोरडं ग्राफाइट चालतं. पेन्सिलीचं शिसं किसून घातलं तरी चालतं. करकर चालूच राहते, पण आता ती शास्त्रशुद्ध असते.

बादलीत आलेला सगळा माल कोळसा नसतो. तीन जाती. खडबडीत, हाताला हलका, मोडला तर आत काळा, तो आपला. दुसरा खंगर: राख वितळून झालेला काचेसारखा गोळा, कधी मुठीएवढा. शेगडी वरून सळईने ढवळली की राख वरच्या कडक आचेत जाते, वितळते आणि खंगर होतो; म्हणून अँथ्रासाइट ढवळायचा नसतो, खालूनच हलवायचा. नळकांड्यात शिरलेला मोठा खंगर जाळी आणि पत्र्याच्या मध्ये अडकतो. अशा वेळी दांड्याला जोर लावला तर दांडा वाकतो. उलटं फिरवा, मग झडप उघडून चिमट्याने काढा.

तिसरी जात पाटीच्या दगडाची. खाणीतून कोळशाबरोबर आलेला चपटा, जड तुकडा. तो जळत नाही, वितळत नाही, जाळीतून पडतही नाही. शेगडीत गेला, लाल झाला, राखेत आला, चाळला गेला, कोळसा म्हणून परत शेगडीत गेला. लग्नाला आलेला आणि मांडव उतरला तरी न गेलेला लांबचा मामा घरोघर असतो, तसा. काही तुकडे मी आता चेहऱ्याने ओळखतो. उपाय सोपा आहे, हातात घेऊन वजन पाहायचं आणि जड तो बाहेर फेकायचा. पण त्यासाठी सगळा माल हाताने निवडायचा, म्हणजे यंत्र कशाला आणलं, असा प्रश्न घरातून येतो.

हिशेबाचाही प्रश्न येतो. इथल्या बेताच्या घराला हिवाळाभर सहा-आठ टन कोळसा सहज लागतो. रोज किलोभर वाचला, असे दोनशे दिवस, तर दोनशे किलो, म्हणजे पाचवा हिस्सा टन. १९०० च्या सुमारास न्यू यॉर्कात टन साधारण पाच डॉलरला होता. म्हणजे हिवाळ्याची कमाई एक डॉलर, साबणाचा खर्च वेगळा. पण १९०२ साली पेन्सिल्व्हेनियाच्या खाणीतल्या लाखाहून जास्त कामगारांनी मे ते ऑक्टोबर संप केला, कोळशाचा भाव कित्येक पट चढला आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मालक आणि कामगार दोघांना वॉशिंग्टनला बोलवावं लागलं, तेव्हा तळघरात राख चाळणारा माणूस कुणाला चिक्कू वाटला नसेल. पुढे पहिल्या महायुद्धात सरकारने कोळसा वाचवायची मोहीमच काढली. ३० जानेवारी १९१८ ला शाळेतल्या मुलांनी घरोघरच्या कोळशाच्या फावड्यांना काटकसरीच्या चिठ्ठ्या बांधल्या. सरकारी चिठ्ठी बांधलेल्या फावड्याने कोळसा घालताना हात किती आखडत असेल याची कल्पना मला येते. आमच्याकडे ते काम चिठ्ठीविना होतं.

लंडनकरांनी हे घरात केलं नाही असं नाही, पण तिथे मोठा धंदा घराबाहेर होता. एकोणिसाव्या शतकात घरोघरची राख गाडीवाले नेत, आणि राखेच्या वखारीत बायका गुडघाभर ढिगात उभ्या राहून ती हाताच्या चाळण्यांनी चाळत. बारीक राख विटांच्या मातीत जाई, कोळसे विटा भाजायला. इंग्रजीत कचऱ्याच्या डब्याला अजून ‘डस्टबिन’ म्हणतात त्यातलं ‘डस्ट’ म्हणजे हीच राख. त्या बायकांच्या फुप्फुसांचं काय झालं असेल ते मास्क लावून दांडा फिरवताना सुचतं. मास्क लावाच, राखेत सिलिका असते.

निघालेल्या कोळशाचं काय करायचं? एकटा तो पेटत नाही, कारण वरून राखेचं कवच असतं. माझं प्रमाण चार फावडी नव्या कोळशाला एक फावडं. पण त्याचा खरा उपयोग रात्री. नवा कोळसा घालून झाला की वर किंचित ओलसर चाळलेले कोळसे आणि थोडी राख पसरायची, खालची हवा कमी करायची. सकाळपर्यंत विस्तव टिकतो. आपल्याकडे चुलीत रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे, तेच हे. एका कोपऱ्यात मात्र तळहाताएवढा लाल भाग उघडा ठेवायचा. त्यावर निळ्या ज्वाळा नाचत राहिल्या पाहिजेत, म्हणजे वरचा वायू जळून जातो. सगळंच झाकलं तर वायू साचतो, आणि मध्यरात्री एकदम पेट घेऊन शेगडीचं दार ‘भप्प’ करून उघडतो.

खालच्या बारीक राखेचं काय, हा खरा ताप. गावाकडची सवय सांगते की ती भांडी घासायला ठेवावी. लाकडाची आणि गोवऱ्यांची राख मऊ असते आणि लाकडाच्या राखेत क्षार असतो. ही दगडी कोळशाची, तिने पितळेवर रेघा पडतात. झाडांना घालावी तर पोटॅश जवळपास नाही, आणि शिसं-आर्सेनिकसारखे धातू थोडे का होईना असतात. भाजीच्या वाफ्यात नकोच. राहता राहिला बर्फ. दारासमोरच्या फरसबंदीवर बर्फ गोठला की राख भुरभुरायची, पाय घसरत नाहीत. हे काम ती अप्रतिम करते. त्यावरून चालत येणारा प्रत्येक माणूस बुटांच्या तळव्याला थोडी थोडी घेऊन घरात येतो, गालिच्यावर उभा राहतो आणि विचारतो, “काय, चाळून झाली का राख?”

गालिच्यावरून ती साध्या व्हॅक्यूम क्लीनरने काढू नका. त्याची पिशवी इतकी बारीक पूड अडवत नाही. पुढून ओढतो आणि मागून फवारतो. इतकी बारीक चाळण आमच्या यंत्रालाही कधी जमलेली नाही.