धोंड्यांच्या भाकरी

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हापासून वसईतल्या आमच्या नातेवाइकांत आणि मित्रांत एक वाद सुरू आहे. सिडनीत राहून मी तो ऐकतो आणि मध्ये मध्ये त्यात भागही घेतो. कायदा थोडक्यात असा: रमी असो, पोकर असो की क्रिकेटचे काल्पनिक संघ, पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही. देशातले सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये घालवतात, असा सरकारचा अंदाज होता. पाठोपाठ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून असे काल्पनिक संघ खेळवणाऱ्या ड्रीम इलेव्हन कंपनीचं नाव गेलं आणि कंपन्या कोर्टात गेल्या.

आमच्यातला वाद कलमांवरून नाही, श्रद्धेवरून आहे. माझा एक मावसभाऊ अनेक वर्षं धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या पॅरिशच्या, कामात आहे. तो म्हणतो, “मोहासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणण्यात ख्रिस्ती माणसाची कसोटी आहे. सरकारने मोहच उचलून नेला, तर कसोटी कसली? प्रभू येशूसुद्धा अरण्यात गेलाच होता ना?” दुसऱ्या बाजूला आहेत त्या बहुतेक घरातल्या बायका. त्यांचं म्हणणं, बंदी आली ही देवाची कृपा. मुलाची आणि नवऱ्याची कसोटी पाहत बसायला घरात पैसा उरलाय कुठे?

मी बायकांच्या बाजूचा आहे. दया येते म्हणून नव्हे, शुभवर्तमान वाचून मला तेच दिसतं म्हणून.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय नीट पाहू या. येशू आपलं बळ अजमावायला अरण्यात गेला नव्हता, पवित्र आत्म्याने त्याला तिथे नेलं. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान आला. त्याने येशूला मंदिराच्या शिखरावर उभं केलं आणि म्हटलं, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूने उत्तर दिलं की देवाची परीक्षा पाहू नये. म्हणजे मुद्दाम धोक्याच्या जागी जाऊन ‘बघू, देव वाचवतो का’ असं म्हणणं हाच एक मोह आहे. मावसभावाचा युक्तिवाद मला त्या शिखरावरचा वाटतो. आणि ज्या प्रभूने स्वतः मोह सोसला, त्याने आपल्याला शिकवलेली प्रार्थना काय आहे? आम्हाला मोहात पडू देऊ नकोस. मला मोहाशी झुंजायला पाठव, असं मागायला त्याने शिकवलेलं नाही. पौल करिंथकरांना सांगतो की आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं, त्याने पडू नये म्हणून जपावं. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ पोटीफरच्या बायकोशी वाद घालत थांबला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला.

संत ऑगस्टिनने आपला मित्र अलिपियस याची हकीकत लिहून ठेवली आहे. अलिपियस कायदा शिकायला रोमला गेला होता. माणसामाणसांच्या जीवघेण्या झुंजींचे खेळ त्याला किळसवाणे वाटत. मित्रांनी एकदा त्याला जबरदस्तीने आखाड्यावर नेलं. तो म्हणाला, शरीर न्याल, डोळे आणि मन कसं वळवाल? तिथे तो डोळे घट्ट मिटून बसला. एका क्षणी गर्दीने आरोळी ठोकली आणि त्याने डोळे उघडले. मग ते मिटेनात. पुढे तो आपणहून जाऊ लागला आणि इतरांनाही नेऊ लागला. ऑगस्टिनने त्यात त्याचा दोष दाखवला तो हा की त्याने देवावर विसंबायच्या जागी स्वतःवर भरवसा ठेवला. पापनिवेदनाला (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला) जाताना आपण कॅथलिक लहानपणापासून एक निश्चय करत आलो आहोत, की पापाच्या प्रसंगांपासून दूर राहीन. नुसतं पापापासून नव्हे, प्रसंगांपासून. शेकडो वर्षांच्या अनुभवाने ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, माणसाचं मन ओळखलं आहे.

आता मी राहतो तिथलं सांगतो. सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साउथ वेल्समध्ये पोकर मशिनं, म्हणजे पैसे घालून खेळायची जुगाराची यंत्रं, क्लबांमध्ये १९५६पासून कायदेशीर आहेत. इथे त्यांना ‘पोकीज’ म्हणतात. क्लब आणि पब धरून आज अशी सुमारे ८७ हजार मशिनं या एका राज्यात आहेत, आणि जुगारात माणशी हरण्यात ऑस्ट्रेलिया जगात सर्वांत पुढे आहे. पर्थ ज्या राज्यात आहे, त्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र ही मशिनं एका कॅसिनोपुरतीच आहेत. तिथल्या आणि इथल्या माणसाच्या इच्छाशक्तीत फरक आहे असं कुणी म्हणणार नाही. फरक आहे तो मशीन किती पावलांवर आहे, यात.

मशीन कसं चालतं तेही पाहण्यासारखं आहे. एक डॉलर लावला आणि तीस सेंट परत आले, म्हणजे सत्तर सेंट गेले, तरी घंटा वाजते, दिवे लागतात, जिंकल्याचं संगीत सुरू होतं. थोडक्यात हुकल्यासारखं वाटावं अशी चित्रं पडद्यावर येतात. दालनाला बहुधा खिडकी नसते. दिवसभर खपलेला, एकटा, परक्या देशात नवा आलेला माणूस तिथे बसला, की त्याला ‘स्वतःवर ताबा ठेव’ म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. कंपन्यांना मात्र हे म्हणायला फार आवडत असे. बेटिंगच्या प्रत्येक जाहिरातीखाली ‘जबाबदारीने खेळा’ असं यायचं. २०२३मध्ये सरकारने ते वाक्य काढायला लावलं आणि त्याजागी तुम्ही बहुधा हरणार आहात, अशा आशयाच्या सूचना आणल्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून आमच्या राज्यात पब-क्लबांच्या बाहेरच्या ‘व्हीआयपी लाउंज’सारख्या पाट्या उतरवाव्या लागल्या. रस्त्याने जाणाऱ्याला आत मशिनं आहेत हे त्या पाट्या सांगत. त्या उतरल्या तेव्हा मला पापाचे प्रसंग टाळण्याचा तो निश्चय आठवला.

ऑगस्ट २०२३मध्ये इथे ‘बेटस्टॉप’ ही नोंदवही सुरू झाली. ज्याला स्वतःला आवरता येत नाही, त्याने त्यात आपलं नाव घालायचं, तीन महिन्यांपासून आयुष्यभरापर्यंत. मग परवाना असलेली कुठलीही ऑनलाइन कंपनी त्याचं खातं उघडू शकत नाही, की त्याला जाहिरातीचा मेसेज पाठवू शकत नाही. रविवारी मिस्सेला माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्या एकाने आयुष्यभरासाठी नाव घातलं. तो म्हणाला, नाव घालताना लाज वाटली, पण बायकोला सांगितल्यावर हलकं वाटलं. माझ्या मावसभावाच्या हिशेबात हा माणूस कसोटीतून पळाला. माझ्या हिशेबात तो योसेफासारखा वागला.

आता जे लिहायचं आहे, ते कॅथलिक म्हणून मला जड जातं. सिडनी आणि आसपासच्या काही क्लबांच्या नावातच ‘कॅथलिक’ हा शब्द आहे. ते सभासदांच्या मालकीचे आहेत. त्यांच्यातून शाळांना, खेळाच्या संघांना आणि गरजूंना देणग्या जातात, जेवण स्वस्त असतं, समारंभाला हॉल मिळतो. आणि आत पोकीज आहेत. २०२२च्या अखेरीस राज्याचे त्या वेळचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्री) डॉमिनिक पेरोटे यांनी मशिनांत रोख पैसे घालणं बंद करून कार्ड आणायचा आग्रह धरला, म्हणजे काळा पैसाही अडेल आणि हरण्याला मर्यादाही येईल. पेरोटे श्रद्धावंत कॅथलिक आहेत. क्लबांच्या संघटनेचे मुख्य अधिकारी म्हणाले की हा माणूस पुराव्यावर नाही, आपल्या सनातनी कॅथलिक वृत्तीवर चालतो आहे. त्या उद्गाराबद्दल संघटनेला त्यांना काढावं लागलं. मार्च २०२३च्या निवडणुकीत पेरोटे यांचा पक्ष हरला, अर्थात त्याची कारणं इतरही होती.

मला त्या उद्गाराचा राग आला नाही. एखाद्या राजकारण्याच्या श्रद्धेमुळे जुगाराच्या धंद्याला धोका वाटावा, ही त्या श्रद्धेची चांगली साक्ष आहे. वाईट वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. त्याच श्रद्धेचं नाव दारावर लावलेल्या इमारतींमध्ये ती मशिनं त्या दिवशीही चालू होती.

देणग्यांचं काय, असं लगेच विचारतात. इथेच सैतानाचा पहिला मोह येतो, आणि त्याच्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. सैतानाने भुकेल्या येशूपुढे दारू ठेवली नाही, स्त्री ठेवली नाही, जुगार ठेवला नाही. त्याने त्याला भाकरी करायला सांगितलं. या धोंड्यांच्या भाकरी कर. भाकरी ही चांगली गोष्ट आहे, तीच आपण रोज प्रार्थनेत मागतो. मोह बहुतेकदा असा चांगल्या कामाच्या रूपात येतो: शाळेचं छप्पर, मुलांचं मैदान, म्हाताऱ्यांची सहल. कुणाच्या तरी पगाराचा धोंडा उचलून त्याच्या भाकरी केल्या जातात, आणि त्या वाटल्या जात असल्यामुळे तो धोंडा कुणाच्या घरातून आला, हे कुणी विचारत नाही.

हेच तर्कट मला घरच्या चर्चेतही ऐकू येतं. बंदीआधी ऑनलाइन खेळांवर २८ टक्के जीएसटी होता, तो गेला म्हणून हळहळ आहे. नोकऱ्या गेल्या याचं दुःख खरं आहे, त्या तरुणांना दुसरं काम मिळायला हवं. पण ‘राज्याला महसूल’ हा शब्द आला की आपण गप्प होतो. गोव्यात मांडवीवरची कॅसिनो जहाजं याच शब्दावर तरंगत आली आहेत. १९७६च्या गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या मशिनांना आणि मग पाण्यावरच्या कॅसिनोंना वाट करून दिली गेली. फेब्रुवारी २०२०पासून गोवेकरांना तिथे प्रवेशबंदी केली. म्हणजे मोह घातक आहे, हे सरकारला कळलेलं आहे! आपल्या पोरांना तो नको, मुंबई-पुण्याहून आणि बेळगावहून येणाऱ्यांच्या पोरांना चालेल. अडखळण ज्याच्यामुळे येतं त्याला येशूने धिक्कार म्हटलं, आणि त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, इतके कठोर शब्द वापरले. अडखळणारा कुठल्या राज्याचा रहिवासी, हे त्याने विचारलं नव्हतं. नव्या केंद्रीय कायद्याने ही जहाजं हललेली नाहीत, कारण तो ऑनलाइनपुरता आहे. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा, कधीच अमलात न आलेला १९७६चा कायदा २०२३मध्ये रद्द केला, त्याबद्दल मी आनंदाने सरकारचं अभिनंदन करतो. १९६९पासूनची सरकारी लॉटरी मात्र आहेच.

मग धर्मग्रामाच्या सणाला हाउजी (तंबोला) खेळायची नाही का, असं मावसभावाने मला विचारलं. खेळा. ख्रिस्तसभेची शिकवण इथे समतोल आहे: पत्ते आणि पैजा मुळात अन्याय नाहीत, पण माणसाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचं त्यात जाऊ लागलं की ते गैर ठरतं, आणि जुगाराची ओढ गुलामगिरी होऊ शकते. हाउजीचं दहा-वीस रुपयांचं तिकीट कुणाच्या घरचा गॅस बंद करत नाही.

आणि हेही मान्य करतो की कायदा एकटा पुरणार नाही. मुंबईत मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळापासून मटक्यावर पोलिसांच्या धाडी पडत आल्या, तरी मटका टिकला. परदेशातून चालणारी ॲप पुन्हा नव्या नावाने येतील. याकोब म्हणतो त्याप्रमाणे माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. ती ओढ कुठलंच कलम रद्द करू शकत नाही. तिथे उपवास, प्रार्थना, पापनिवेदन आणि सोबत लागते. सोबतीवर माझा भर जास्त आहे, कारण जुगारी माणूस एकटा असतो आणि कर्ज लपवत असतो. जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’मध्ये पहिली पायरीच अशी आहे की माझ्याच्याने हे आवरत नाही, असं चारचौघांत म्हणायचं. मावसभावाच्या ‘सामोरा जा’पेक्षा ही पायरी मला शुभवर्तमानाच्या जवळची वाटते.

वसईला हे नवीन नाही. सावकाराच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांना धर्मगुरू मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी नुसतं ‘कर्ज काढू नका’ असं प्रवचन दिलं नाही. त्यांनी १९१८ साली पतसंस्था उभी केली, आजची बॅसीन कॅथलिक बँक. येत्या उपवासकाळासाठी (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांसाठी) मी आमच्या गावच्या फादरांना लिहिलं आहे: ॲपच्या कर्जात बुडालेल्यांसाठी प्रत्येक धर्मग्रामात तीन-चार विश्वासू माणसांचा गट असावा. त्यांनी नाव गुप्त ठेवून कर्जाचा हिशेब मांडून द्यावा, घरच्यांशी बोलायला सोबत जावं, त्या माणसाच्या संमतीने काही महिने पगाराचं खातं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं आणि बँकेशी हप्त्यांचं बोलावं. धर्मग्रामाच्या क्रिकेट स्पर्धेला कुठल्याही जुगारी कंपनीचं पारितोषिक घेऊ नये, असंही त्या पत्रात आहे. मावसभावाने पत्र वाचलं. मुद्दा त्याला अजून पटलेला नाही, पण गटात त्याने स्वतःचं नाव दिलं आहे.