डुकराला कॅन्सर नव्हताच

सध्या एक मेसेज फिरतोय: 'मायक्रोवेव्हच्या सुईने डुकराच्या फुप्फुसातला कॅन्सर दहा मिनिटांत जाळला. आता ऑपरेशन नको, केमो नको. आणि त्यासाठी डुकरं कशाला मारायची? खाटकाकडून फुप्फुस आणायचं!'

'कॅन्सर जाळला.' कुठला? डुकरांवरचे हे प्रयोग बहुधा धडधाकट फुप्फुसावरच होतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही तसाच. प्रश्न एवढाच होता की रेडिओफ्रीक्वेन्सी (सुईतून वीज सोडून भाजणं) आणि मायक्रोवेव्ह (सुईतून लहरी सोडून भाजणं), दोन्ही दहा-दहा मिनिटं दिल्या तर किती भाग भाजतो? मायक्रोवेव्हचा डाग मोठा आणि जास्त गोल निघाला. कारणही सरळ आहे. रेडिओफ्रीक्वेन्सीला वीज वाहायला वाट लागते आणि हवेने भरलेलं फुप्फुस ती नीट देत नाही. मायक्रोवेव्हचं तसं अडत नाही. रोगी किती जगेल, हे या प्रयोगात कुणी विचारलंच नव्हतं.

खाटकाचा मुद्दा मात्र वरवर पटतो, म्हणून जरा थांबू. काढलेलं फुप्फुस हवा गेलेल्या फुग्यासारखं बसतं. त्यात श्वास नाही, रक्त नाही. जिवंत शरीरात वाहतं रक्त सुईची उष्णता पळवून नेतं, आणि मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेल्या पेशी त्यामुळे वाचू शकतात. भीती नेमकी तीच असते, आणि मेलेल्या फुप्फुसात ती दिसणारच नाही. अशा वाचलेल्या पेशी शोधायची एक रीत अशी: भाजलेल्या भागाचे काप टेट्राझोलियमच्या द्रावणात बुडवतात. जिवंत पेशी लाल होतात, मेलेल्या फिक्याच राहतात. मग पट्टी लावून मोजायचं. (तरी डुक्कर म्हणजे माणूस नव्हे. आपल्या फुप्फुसात शेजारच्या कप्प्यातून हवा आडवाटेने झिरपते, डुकराच्या फुप्फुसात ती तशी जवळजवळ झिरपतच नाही.)

'ऑपरेशन नको, केमो नको.' लवकर सापडलेली, काढता येण्याजोगी गाठ असेल तर आजही आधी शस्त्रक्रियाच. सुई मुख्यतः ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी, तीही साधारण तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला. आणि केमो ज्यांच्यासाठी असते, त्या अंगभर पसरलेल्या पेशींना सुई कुठे कुठे टोचणार?

राहिली ती दहा मिनिटं. सुईच्या छिद्रातून हवा फुप्फुसाबाहेर छातीत साठू शकते. पुष्कळदा ती आपोआप जिरते, पण कधी कधी छातीत नळी घालून रोग्याला वॉर्डात ठेवावं लागतं. ते दिवस मेसेजवाल्याने धरलेले नाहीत.