हवेतला उतारा

पाच फूट अकरा इंच उंची हा काही गुण नव्हे, पण आमच्या टिळकवाडीतल्या बास्केटबॉलवाल्या पोरांना तेवढा पुरला. "मामा, रेफ्री तुम्हीच!" समोर गोकाककडची टीम. मी नियम आदल्या रात्री वाचले होते, तेही जेवता जेवता.

जमिनीवरचा धक्का सोपा असतो. पण दोन पोरं हवेत भिडली की चार कोपरं, चार गुडघे आणि मधे चेंडू. कोण कुणाला लागलं हे त्या पोरांनाही ठाऊक नसतं. नियम म्हणतो, उडालेल्याला जिथून उडाला तिथे, किंवा उडताना मोकळ्या असलेल्या जागी उतरायचा हक्क आहे. तिथे बचाववाला आधीच उभा असेल तर फाउल उडणाऱ्याचा. हा हवेत असताना तो खाली सरकला तर सरकणाऱ्याचा. म्हणजे सगळा खटला 'जागेवर आधी कोण होतं' याचा. आणि हा प्रश्न बेळगावात विचारायचा! १९५६ पासून आम्ही दुसरं काय विचारतोय? २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला प्रश्न मी अर्ध्या सेकंदात, शिट्टी फुंकून सोडवायचा.

रिंगखाली सव्वा मीटरचं एक अर्धवर्तुळ असतं. उडून आलेल्यासमोर तिथे उभं राहून 'मी आधी होतो' म्हणायची सोय नाही. आमच्या कोर्टवरचं ते अर्धवर्तुळ पावसाने धुऊन नेलं होतं. हद्दीच्या खुणा पुसल्या की काय होतं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

दोन-तीनदा तोंडघशी पडल्यावर अक्कल आली: हवेत बघूच नये, पाय बघावेत. म्हणून मी मान खाली घालून पळायला लागलो. गुण मांडणारा पोरगा ओरडला, "मामा, काय बघूलासा? चप्पल हरवली काय?"

शेवटच्या मिनिटाला आमचा एक पोरगा उडाला. गोकाकचा उंच गडी अर्धं पाऊल सरकून त्याच्या खाली आला. पांढऱ्या बुटाची टाच लाल धुळीत रेघ ओढत गेली, ती मी नीट पाहिली. दोघं आपटले, पण चेंडू रिंगमधून पडला. मी शिट्टी मारली, मूठ वर केली. "फाउल अल्ल री!" तिकडून. "फाउलच की गा!" इकडून. ब्लॉकिंगची, म्हणजे वाट अडवल्याची खूण म्हणून मी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि निश्चल उभा राहिलो.

क्षणभर शांतता. मग गोकाकच्या बाजूने कुणीतरी हात जोडून ओरडलं, "विठ्ठला!" आमच्या बाजूने लगेच "पुंडलिक वरदे..." सुरू झालं. भांडण राहिलं बाजूला, दोन्हीकडची माणसं पोट धरून हसत होती.

मी मात्र हात काढेना. बास्केट धरायची आणि वर एक फ्री थ्रो द्यायचा, हे आठवत होतं. त्याची खूण आठवत नव्हती.