चर्चचा डोळा जमिनीवर? ब्राझीलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. ब्राझीलच्या कॅथलिक 'आदिवासी मिशनरी परिषदे'वर तुमचे आक्षेप तीन. ज्यांनी निवासी शाळांत आदिवासी मुलांची भाषा मोडली, तेच आज हक्कांचा झेंडा मिरवतात. त्यांचा खरा डोळा जमिनीवर आहे. आणि पत्रकं काढण्यापलीकडे त्यांचं काम नाही.

पहिला आक्षेप मान्य, त्यात 'पण' घालायचं कारण नाही. माटो ग्रोसो राज्यात उतियारितीला जेझुइटांची, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाची, अशी शाळा होती. वेगवेगळ्या जमातींची मुलं आईबापांपासून तोडून तिथं ठेवली जात. १९७० च्या सुमारास ती बंद झाली. तिच्यावर आतून टीका करणारे जेझुइट पुढे १९७२ मध्ये परिषदेच्या उभारणीत होते. त्यानं आधीचं पाप धुतलं जात नाही, एवढं खरं.

दुसरा आक्षेप मात्र कायदा न वाचता केलेला आहे. १९८८ च्या राज्यघटनेनुसार आदिवासी जमिनीची मालकी केंद्र सरकारची, कायमचा ताबा आणि वापर त्या समाजाचा. ती विकता येत नाही आणि कितीही वर्षं लोटली तरी हक्क बुडत नाही. चर्चच्या नावावर त्यातली गुंठाभरही चढू शकत नाही. उलट एनावेने-नावे आदिवासींसोबत राहणारे जेझुइट ब्रदर व्हिसेंते कान्यास यांचा १९८७ मध्ये खून झाला. एका माजी पोलीस अधिकाऱ्याला ज्युरीनं दोषी ठरवायला २०१७ उजाडलं.

आता तिसरा. काम काय असतं ते कळायला आधी पद्धत बघावी लागते. जमिनीची हद्द ठरवण्याची पद्धत १९९६ च्या वटहुकमात आहे. फुनाई ही आदिवासींसाठीची सरकारी संस्था मानववंशशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली गट नेमते. अहवालात चार गोष्टी दाखवाव्या लागतात: कायमची वस्ती, उपजीविकेसाठी वापरली जाणारी जमीन, निसर्गसंपत्ती टिकवायला लागणारी जमीन आणि त्या समाजाच्या शारीरिक-सांस्कृतिक सातत्याला लागणारी जमीन. सारांश राजपत्रात येतो, नगरपालिकेत लावला जातो. प्रसिद्धीनंतर ९० दिवसांपर्यंत कुणालाही हरकत घेता येते. पुढच्या ६० दिवसांत फुनाई आपलं मत मंत्र्याकडे पाठवते आणि न्यायमंत्र्यानं ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ३० दिवस! प्रत्यक्षात फायली वर्षानुवर्षं पडून राहतात, कारण मुदत उलटली तरी मंत्र्याचं काही बिघडत नाही. मग जागेवर खुणा, राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आणि शेवटी नोंदणी. हे सगळं देशभर पाच वर्षांत, म्हणजे १९९३ पर्यंत, संपवायचं असं राज्यघटनेतच लिहिलं होतं!

प्रकरण बहुधा पुराव्यावर अडतं. हुसकावलेल्या लोकांची जुनी गावठाणं, दफनभूमी, वंशावळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात. वर्षानुवर्षं वस्तीत राहणारा मिशनरी त्या वेळीच नोंदवून ठेवू शकतो. काही आठवड्यांसाठी आलेल्या गटाला ते जमत नाही. शेतकरी चिवटपणे कोर्टात का जात आले, यालाही कारण आहे. घटनेनुसार त्यांना प्रामाणिकपणे केलेल्या बांधकाम-सुधारणांची भरपाई मिळायची, जमिनीची किंमत नाही, निदान सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालापर्यंत तरी. सरकारनंच पूर्वी ज्याला कागद करून दिले, त्याचा यात बळी जायचा, हे मला रास्त वाटत नाही.

मोठी लढाई झाली ती तारखेवरून. राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, ५ ऑक्टोबर १९८८ ला, जमीन ताब्यात नसेल तर हक्क नाही, अपवाद फक्त त्या दिवशी प्रत्यक्ष संघर्ष किंवा दावा चालू असेल तर, असा युक्तिवाद होता. गंमत अशी की त्या तारखेपर्यंत आदिवासी कायद्यानं सरकारच्या पालकत्वाखाली होते. दावा करणार कोण? स्वतःच्या नावानं कोर्टात जायचा हक्क त्यांना त्याच राज्यघटनेच्या २३२ व्या कलमानं दिला. परिषदेचे वकील हा मुद्दा सतत मांडत राहिले. सांता कातारिना राज्यातल्या शोक्लेंग लोकांच्या प्रकरणात २१ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ९ विरुद्ध २ मतांनी ती तारीख फेटाळली. संसदेनं त्याच वर्षी १४७०१ क्रमांकाच्या कायद्यानं ती परत आणली, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकारही मोडीत काढला. तेव्हा 'जिंकले' असं मी म्हणणार नाही. पण हे पत्रकबाजीचं काम नव्हे.

'याचा आपल्याला उपयोग काय?' असंही विचारलंत. आपल्या वनहक्क कायद्यातही तारीख आहे, १३ डिसेंबर २००५. पण इथं मानववंशशास्त्रज्ञाची वाट बघावी लागत नाही. नियम १३ प्रमाणे एकाहून अधिक पुरावे लागतात आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा त्यातला एक. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळला गेला, तर २०१२ च्या दुरुस्तीवर बोट ठेवायचं: असं चित्र पुराव्याला जोड म्हणून चालतं, त्याच्या जागी नाही. नकार कारणांसह लेखी मागायचा. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे जायला ६० दिवस असतात, ते ठराव झाल्या दिवसापासूनच मोजायला घ्या.