तीनशे किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस

सिंगापूरचा चांगी विमानतळ ते मलेशियाचा क्वालालंपूर विमानतळ, हवाई अंतर सुमारे 297 किलोमीटर. नकाशावर फूटपट्टी ठेवलीत तर मुंबई ते कोल्हापूर साधारण तेवढंच भरतं. विमानाचा वेग ताशी आठशे धरून आपण त्रैराशिक मांडतो आणि बावीस मिनिटांत पलीकडे उतरतो. कागदावर. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो, आणि मला विचाराल तर खरं बोलतं ते तिकीटच.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पलीकडच्या गेटाला लागलं की संपते. मधे धावपट्टीपर्यंतची रांगत रांगत वारी, पुढच्या चार विमानांचा मान आणि उतरताना पुढे वादळी ढग असले तर आकाशात घिरट्या. प्रत्यक्ष हवेत पाऊण तास, त्यातही निम्मा वेळ नाक वर, निम्मा वेळ नाक खाली. पट्टा बांधायचा दिवा विझतो न विझतो तोच हवाईसुंदरी ज्यूस देते आणि तुमचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत ग्लास परत मागते.

पण खरी गंमत जमिनीवर. चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांवर सामानाची तपासणी थेट गेटापाशी होते. आधी दोन तास निवांत हिंडायला मिळतं, त्यात माणूस गाफील होतो, कौतुकाने पाण्याची बाटली भरून घेतो आणि गेटावर ती ओतून टाकतो. बऱ्याच गेटांच्या आत स्वच्छतागृह नसतं, तेव्हा पाणी ओतायच्या रांगेत लागण्याआधी तेही काम उरकून घ्यावं. लोणच्याचं म्हणाल तर बरणीत किती उरलंय ते कुणी बघत नाही, बरणीवर किती लिहिलंय ते बघतात. 200 मिलीच्या बरणीतली चमचाभर कैरीही तिथेच राहते. आज्जींनी कितीही डोळे वटारले तरी.

घड्याळाचा त्रास या मार्गावर नाही. दोन्हीकडे एकच वेळ आहे. जकार्ताला जाणाऱ्यांची मात्र फजिती: तिथलं घड्याळ एक तास मागे, त्यामुळे जाताना तिकिटावर प्रवास तासाभरात आटोपल्यासारखा दिसतो आणि येताना पावणेतीन तासांचा. परतीच्या वाऱ्याला शिव्या घालू नका, तो बिचारा निर्दोष आहे.

मलेशियाचा डिजिटल प्रवेशअर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसा माफ झाला, म्हणून हाही माफ असेल असं समजणारे काउंटरसमोर उभे राहून मोबाइलवर पासपोर्ट नंबर टाइप करताना दिसतात.

आता बेरीज करा. चांगीपर्यंत मेट्रोने पाऊण तास, आधी दोन तास हजेरी, सव्वा तास विमान, पलीकडे शिक्का आणि बॅग मिळून तास. विमानतळ सेपांगला, शहरापासून पन्नासेक किलोमीटर दूर, म्हणून केएलआयए एक्सप्रेस या विमानतळ-रेल्वेची 28 मिनिटं आणि तिची वाट बघणं. साडेपाच तास झाले. सिंगापूरहून सुटणारी बसही पाच-सहा तासांतच पोचते. तिच्यात लोणच्याच्या बरणीवरचा आकडा कुणी वाचत नाही.