खुंटीवरचा टॉवेल

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

इथं सोलापुरात, विजापूर रोडला नात्यातलं बारसं होतं. जेवणं उरकून बायका गप्पा मारत बसल्या होत्या, तेवढ्यात विषय निघाला की आई अजून बाबांचा टॉवेल न्हाणीतल्या खुंटीला लावते. दर सोमवारी धुते, वाळवते, परत तिथंच. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यावर आमच्यातलीच एक शिकलेली पोरगी सगळ्यांसमोर म्हणते, "मावशी, तुम्ही डिनायलमध्ये आहात. पहिल्याच स्टेजला अडकलाय." आईनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणाली गं ती?"

काय सांगू? डिनायल म्हणजे झालेलं मन मानतच नाही ते, दुःखाच्या पाच अवस्थांतली पहिली म्हणतात.

अगं, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आई स्वतः उन्हात गेली. पीएफच्या कागदांवर सह्या तिनंच केल्या. नवरा गेलाय हे तिला तुझ्याकडून कळायचं राहिलं होतं का? त्या पाच अवस्था एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली मांडल्या, त्या स्वतःचं मरण समोर दिसत असलेल्या पेशंटांशी बोलून. मागं राहिलेल्या बाईची चारचौघांत परीक्षा घ्यायला नव्हे.

टॉवेलबद्दल सांगते. बाबा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते, सगळी हयात मागावर गेली. हा सेकंडचा माल, कडेला दोन ओळी धागे सुटलेले, म्हणून घरी आणलेला. हिरवा होता, आता राखाडी दिसतो. आई धुताना ती सुटलेली कड बोटानं सरळ करते. दर सोमवारी बघतेय मी.

बरं, डिनायल वाईट असतं, मान्य. ते मला कुणी शिकवायला नको. बाबा गेले त्या वर्षी, सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षतेच्या दिवशी ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर चालून घरी आले. जानेवारीची थंडी, आणि अंगातली बाराबंदी घामानं चिंब. छातीवर हात दाबून बसले आणि म्हणाले, "काही नाही गं, पित्त झालंय. सोडा आण." मी आणला. दोनदा आणला. मलाही ते पित्तच असायला हवं होतं. पहाटे रिक्षात घातलं तेव्हा उशीर झाला होता.

डिनायल ते होतं. त्यांचं आणि माझं.

मनोविश्लेषक फ्रॉइडची धाकटी लेक ॲना, तिनं १९३६ मध्ये व्हिएन्नात मनाच्या या बचावाच्या तऱ्हा एकत्र मांडल्या. त्यातलं मला कळलेलं असं, की माणूस हे ठरवून करत नाही. सोसवेना झालं की मन आपणच आडोसा धरतं. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच पित्त वाटत होतं.

आणि मी? बाबांनंतर सहा महिने मी आईवर खेकसत होते. भाजीत मीठ जास्त, गॅस चालू राहिला, काहीही कारण पुरायचं. एकदा तर ओरडले, "काढ तो टॉवेल आधी!" ती म्हणाली, "राहू दे की, तुला काय करतोय?" राग सगळा त्या सोड्याच्या बाटलीवर होता आणि निघत होता आईवर. पुस्तकात त्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात, आपण वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो. असला बचाव मात्र दुसऱ्याच्या जिवावर असतो, तो हात धरून थांबवलाच पाहिजे. आईच्या टॉवेलनं कुणाच्या अंगाला ओरखडा आलाय?

लिहिता लिहिता त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय. तिचे वडील कोविडात गेले. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तिला रडताना आमच्यात कुणी पाहिलेलं नाही, तेव्हापासून ती हे सगळं वाचत सुटलीय. दुःखाला शास्त्राची नावं देत राहिलं की ते हाताला लागत नाही, हीसुद्धा ॲनानं सांगितलेलीच एक तऱ्हा. बारशात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तिला फाडकन बोलले, तेही सगळ्यांसमोर. पोरगी तशीच उठून गेली.

आईला मात्र तिनं तसं म्हणायला नको होतं. यावर मी ठाम आहे.

उद्या फोन करते तिला. आत्ता आई आतून विचारतेय, गच्चीवरचा टॉवेल खाली आणलास का, आभाळ आलंय. आणते.